चित्रपटाच्या बळावर कॉमिक्सचा निकाल लावणाऱ्यांशी बोलावे तरी कसे?

जुना_अंक (पुणे)

नमस्कार. प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण गेल्या दिवाळीपासून तो डोक्यातून जात नाही, म्हणून मांडतो आहे.

भाऊबीजेला बहिणीकडे जेवणे आटोपल्यावर माझा सतरा वर्षांचा भाचा आणि त्याचे दोन मित्र मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या चित्रपटांतल्या थॅनोस नावाच्या खलनायकाविषयी तावातावाने बोलत बसले होते. विश्वातली साधनसंपत्ती अपुरी आहे, लोकसंख्या निम्मी केली तर उरलेले सुखाने जगतील, हा त्याचा विचार तत्त्वतः बरोबर होता की नाही, असा वाद रंगला होता. मी सहज म्हणालो की मूळ कथेतल्या थॅनोसला लोकसंख्येशी काही देणेघेणेच नाही. तो मृत्यूच्या प्रेमात पडलेला आहे, मृत्यू तेथे स्त्रीच्या रूपात वावरतो, आणि तिची मर्जी संपादन करण्यासाठी तो अर्धे विश्व तिला नजराणा म्हणून देतो. त्यावर भाचा हसून म्हणाला, "मामा, तू दुसऱ्याच कुणाशी तरी गल्लत करतोयस." मित्राने लगेच फोन काढून चित्रपटाचे कथानक माझ्यासमोर धरले. त्याचा पुरावा खिशात होता आणि माझा माळ्यावरच्या ट्रंकेत, त्यामुळे त्या दिवशी मी हरलो.

ट्रंकेत काय आहे तेही सांगतो. 'द इन्फिनिटी गॉन्टलेट' ही सहा अंकांची कथा १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लेखक जिम स्टारलिन, म्हणजे ज्याने १९७३ मध्ये थॅनोसला जन्म दिला तोच. चित्रे आधी जॉर्ज पेरेझची आणि पुढे रॉन लिमची. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मला यातले पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा असे चार अंक एका गठ्ठ्यात मिळाले, तेव्हा मी कॉलेजात होतो. अर्धे विश्व नाहीसे करणाऱ्या ज्या चुटकीसाठी प्रेक्षकांनी २०१८ साली अडीच तास श्वास रोखून धरला, ती येथे पहिल्या अंकाच्या शेवटीच वाजते, आणि पुढचे पाच अंक त्या चुटकीनंतर काय, या प्रश्नाचे आहेत. चौथ्या अंकात एकेक नायक पडत जातो आणि शेवटी कॅप्टन अमेरिका एकटाच, हातात काहीही उरलेले नसताना, थॅनोससमोर चालत जाऊन उभा राहतो. मला सहावा अंक मिळायला चार वर्षे लागली. म्हणजे चार वर्षे मी अर्धे विश्व नाहीसे झालेल्या अवस्थेत काढली, असे म्हटले तरी चालेल.

लोकांनी कॉमिक्स वाचलेली नाहीत याचे मला वाईट वाटत नाही. मी तरी कुठे सगळे वाचले आहे? चीड येते ती चित्रपट पाहिलेला माणूस वाचलेल्या माणसाला 'तू चुकतोस' असे बिनदिक्कत सांगतो तेव्हा. पण काही बोलायला जावे, तर आपणच 'आमच्या वेळी' म्हणणारे म्हातारे ठरतो. तुम्ही अशा वेळी काय करता?

हडसनकाठचा (न्यू जर्सी)

मी गप्प बसतो. पण गप्प बसण्याचा त्रास होतो, म्हणून हे लांबलचक उत्तर.

इकडे नवे अंक बुधवारी येतात. ठरलेल्या गिऱ्हाइकांचे अंक दुकानदार नावानिशी बाजूला काढून ठेवतो आणि आम्ही संध्याकाळी कामावरून परतताना घेऊन जातो. वीस वर्षांपूर्वी मी जाऊ लागलो तेव्हा जुन्या अंकांचे लांबट पुठ्ठ्याचे खोके दुकानाच्या मधोमध मांडलेले असत. आता तेथे टी-शर्ट, मग आणि बाहुल्या आहेत, आणि खोके मागच्या भिंतीला, स्वच्छतागृहाच्या दाराशी गेले आहेत. मी एकदा तक्रारीच्या सुरात बोललो, तेव्हा दुकानदाराने शांतपणे ऐकवले की दुकानाचे भाडे टी-शर्टातून निघते, तुमच्या दर बुधवारच्या चार अंकांतून नाही. त्यावर मला उत्तर सुचले नाही. मार्व्हलच्या 'एक्स-मेन' मालिकेच्या १९९१ सालच्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांनी उचलल्या होत्या (त्यांतल्या कितीतरी पुढे किंमत वाढेल या आशेने साठवलेल्या, हा भाग वेगळा), आणि पाचच वर्षांनी, १९९६ च्या डिसेंबरात, मार्व्हल कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे तिला वर काढण्यात चित्रपटांचा वाटा मोठा आहे, हे आपण वाचणाऱ्यांनी नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही तुमची चीड मला रास्त वाटते, आणि त्याचे कारण मी एका पानावरून सांगू शकेन. १९७३ साली 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१ व्या अंकात त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरते. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक तिला पुलावरून खाली ढकलतो, स्पायडरमॅन जाळे फेकून तिला अधांतरी पकडतो, आणि त्या चौकटीत तिच्या मानेजवळ, सहज नजरेतून निसटावी इतक्या बारीक अक्षरांत, 'स्नॅप' असे लिहिलेले आहे. ती पडण्याने मेली की वाचवण्याने, हे ते एक बारीक अक्षरांचे चित्र तुम्हाला विचारते, आणि स्पायडरमॅन मात्र तिला वर ओढून घेत स्वतःच्याच कौशल्यावर खूश होत असतो. वाचकाला कळलेले असते, त्याला कळलेले नसते. पडद्यावर ही घटना आली तेव्हा संगीत होते, मंदगती होती, घड्याळाच्या मनोऱ्याचे फिरते दातेरी चाक होते, आणि तिचा मृत्यू दोघांनाही, म्हणजे त्याला आणि आपल्याला, जवळजवळ एकाच वेळी कळला. वाईट केले होते असे मी म्हणत नाही. पण तीच गोष्ट सांगितली असेही नाही.

जाता जाता: त्या अंकातल्या मजकुरात पुलाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन आहे आणि चित्र सरळ सरळ ब्रुकलिन पुलाचे आहे. मी रोज त्यातला पहिला पूल ओलांडतो, त्यामुळे ही चूक मला दररोज आठवते. मूळ मूळ म्हणून आपण ज्याची पूजा करतो, त्यात असलेही असते.

रेडिओवाली (नाशिक)

शेवटच्या वाक्यासाठी हडसनकाठच्यांचे आभार, कारण माझा मुद्दा तेथूनच सुरू होतो.

आपण 'मूळ' हा शब्द फार सैलपणे वापरतो आहोत. सुपरमॅन १९३८ साली आला तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो उंच आणि लांब उड्या मारत असे. त्याला खऱ्या अर्थाने उडायला लावले ते रेडिओने आणि कार्टूनपटांनी. क्रिप्टोनाइट, म्हणजे सुपरमॅनला दुबळा करणारा दगड, ज्याच्यावाचून सुपरमॅनची गोष्ट आज सांगताच येणार नाही, तो १९४३ साली प्रथम रेडिओ मालिकेत आला आणि छापील अंकांत यायला त्याला १९४९ उजाडावे लागले. सुपरमॅनचा तरुण मित्र जिमी ओल्सन, हे नावही रेडिओनेच रूढ केले. जोकरची साथीदार हार्ली क्विन १९९२ च्या बॅटमॅन कार्टून मालिकेतून पुढच्या वर्षी कॉमिक्समध्ये उतरली. मला सांगा, १९४९ सालच्या एखाद्या निष्ठावान वाचकाने 'हे रेडिओवाले आमच्या सुपरमॅनमध्ये भलताच हिरवा दगड घुसडत आहेत' अशी तक्रार केली असती, तर आज आपण त्याच्या बाजूने उभे राहिलो असतो का?

आणखी एक उदाहरण, कारण या वाक्यावरून मी स्वतः पैज हरले आहे. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे बेनकाका स्पायडरमॅनला सांगतात असे सगळेच मानतात. १९६२ च्या पहिल्या कथेत काकांच्या तोंडी ते नाही. शेवटच्या चौकटीत निवेदक ते म्हणतो, तेही काका गेल्यानंतर. काकांच्या तोंडी ते नंतर घातले गेले, आणि आता कॉमिक्सचे वाचकही ते काकांचेच मानतात. मी पैज हरले ती चित्रपटवाल्याकडून नव्हे, पंचवीस वर्षे वाचणाऱ्या माझ्या दिराकडून; जिंकायला गेले आणि तोंडघशी पडले. अंक त्यांच्याकडे होता.

आपण मराठी वाचकांनी तर मुळाविषयी जरा जपूनच बोलावे. आमच्या घरी इंद्रजाल कॉमिक्स येत असत, आणि फँटम हा शब्द मला फार उशिरा कळला. माझ्यासाठी तो वेताळच होता आणि आहे. ली फॉकने १९३६ मध्ये उभा केलेला तो बुरखाधारी नायक आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्याच्या देशाचे नाव बदलून देंकाली झाले होते. माझ्या वडिलांनी वेताळाच्या गोष्टी ज्या तन्मयतेने वाचल्या, त्या तन्मयतेला कुणी अमेरिकन वाचक 'तुम्ही खरा फँटम वाचलेलाच नाही' असे म्हणाला असता, तर मी त्याच्याशी भांडले असते. मग भाच्याने पाहिलेला थॅनोस खोटा कसा?

हडसनकाठचा (न्यू जर्सी)

खोटा नाहीच. पण तुमच्या वडिलांनी ली फॉकला 'तुम्ही गल्लत करताय' असे सांगितले नसते ना? जुना_अंक यांची तक्रार तेवढीच आहे, असे मी समजतो.

फक्त_पडदा (ठाणे)

मी तुमच्या तक्रारीतला आरोपी. थोडे आमच्या बाजूनेही ऐकावे.

मला वाचायचे होते. २०१६ साली मार्व्हलचा 'सिव्हिल वॉर' हा चित्रपट पाहिल्यावर मी ऑफिसातल्या एका जाणकार सहकाऱ्याला विचारले की कुठून सुरुवात करू. त्याने मला जी यादी पाठवली, तिच्यात बेचाळीस नावे होती आणि वर सूचना होती की यांच्या आधी आणखी काही वाचलेले असल्यास अधिक चांगले. मी ती यादी आजही जपून ठेवली आहे, कारण कुणाला एखाद्या छंदापासून कायमचे दूर कसे ठेवावे, याचा तो उत्तम नमुना आहे. त्यात पुन्हा एकाच मालिकेचे पहिले अंक पाच-सहा वेळा निघालेले, एका घटनेचे धागे पंधरा मालिकांत विखुरलेले, आणि एका जाड संग्रहाची किंमत माझ्या महिन्याच्या पेट्रोलइतकी. या सगळ्यातून जो जात नाही तो आळशी, असे तुम्ही गृहीत धरता.

शेवटी मी यादी बाजूला ठेवून 'सिव्हिल वॉर'चे मुख्य सात अंक तेवढे वाचले. मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हन, २००६-०७. मला वाटले होते की चित्रपटाचीच गोष्ट जरा विस्ताराने असेल. येथे सुरुवातीलाच एका टीव्ही कार्यक्रमासाठी खलनायक पकडायला गेलेल्या तरुण नायकांच्या झटापटीत स्टॅमफर्ड शहरात शाळेशेजारी स्फोट होतो, आणि मग सरकार अशा नायकांच्या नोंदणीचा कायदा आणते. स्पायडरमॅन पत्रकारांसमोर मुखवटा काढतो. आणि शेवट तर मी दोनदा वाचला: कॅप्टन अमेरिका जिंकत आलेला असताना साधी माणसे, आग विझवणारे आणि रुग्णवाहिकेवरचे लोक, त्याच्या अंगावर झेपावून त्याला धरून ठेवतात, तो आजूबाजूला पडलेले शहर पाहतो आणि स्वतःहून शरण जातो. चित्रपटात भांडण एकाच्या आईवडिलांपर्यंत आणि दोघांच्या मैत्रीपर्यंत आटोपते. येथे ते सामान्य माणसांनी थांबवले. हे मला कुणीतरी आधी दोन वाक्यांत सांगितले असते, तर बेचाळीस नावांची गरज पडली नसती.

आणि प्रत्येक वेळी पुस्तकच सरस असते हेही मान्य नाही. पवित्र प्रभाकर, आपल्या मुंबईचा स्पायडरमॅन, २००४ मध्ये चार अंकांच्या मालिकेत आला. मी ती मोठ्या उत्साहाने मिळवली. मूळ कथेतल्या नॉर्मन ऑसबर्नचा नलिन ओबेरॉय, मेरी जेनची मीरा जैन, आणि कोळ्याच्या चाव्याऐवजी योग्याचा आशीर्वाद. धोतर नेसवून न्यूयॉर्कचीच गोष्ट सांगितल्यासारखे वाटले. २०२३ च्या चित्रपटातला पवित्र काही मिनिटेच दिसतो, पण तो चहाच्या 'चाय टी' या नावावरून चिडतो तेव्हा तो मला ओळखीचा वाटतो. येथे वाचणाऱ्यांनी पडद्याला मानले पाहिजे.

श्रेयनामावली (बेळगाव)

सगळ्यांचे पटते आहे, आणि तरी मूळ दुखणे निराळेच आहे असे मला वाटते. थॅनोसचा हेतू कोणता, यावर वाद घालण्यात गंमत आहे, पण त्याने कुणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते नावांचे.

चित्रपटाच्या चाहत्याला थॅनोसचा आवाज कोणाचा, आयर्न मॅन कोण झाला, दिग्दर्शक कोण, कोणत्या भागाने किती कमावले, हे सगळे तोंडपाठ असते. स्टारलिन हे नाव विचारा. रॉकेट रॅकून हे पात्र बिल मँट्लो आणि कीथ गिफन यांनी १९७६ साली केले. मँट्लो यांना १९९२ मध्ये एका गाडीने धडक दिली आणि चालक निघून गेला. मेंदूला झालेल्या इजेमुळे ते तेव्हापासून इतरांच्या देखभालीवर आहेत. २०१४ मध्ये त्यांचा रॉकेट जगभरच्या पडद्यांवर गाजला. बॅटमॅनचे उदाहरण याहून जुने आहे. १९३९ पासून श्रेयात एकट्या बॉब केन यांचे नाव छापले जात होते. पोशाखापासून गॉथम शहरापर्यंत ज्याचे काम होते त्या बिल फिंगरचे नाव अधिकृतपणे यायला २०१५ साल उजाडले, आणि फिंगर १९७४ मध्येच गेले होते. एड ब्रुबेकर यांनी २००५ मध्ये मेलेल्या बकीला, म्हणजे कॅप्टन अमेरिकाच्या साथीदाराला, 'विंटर सोल्जर' म्हणून परत आणले. तीच कल्पना चित्रपटाच्या नावापर्यंत पोहोचली, पण त्या मानाने पदरात काय पडले याविषयी ब्रुबेकर यांनी उघडपणे नाराजी व्यक्त केली आहे.

हा दोष प्रेक्षकांचा नाही, करारांचा आहे, हे मला कळते. त्या काळी लेखक-चित्रकार पानामागे मोबदला घेत आणि पात्रांचे हक्क कंपनीचे होत. पण दोन-अडीच तास बसून पाहिल्यावर वर सरकणाऱ्या श्रेयनामावलीत 'विशेष आभार' या मथळ्याखाली जी आठ-दहा नावे येतात, तेवढी वाचायला प्रेक्षकाला अर्धे मिनिटही लागत नाही. सगळे अखेरच्या दृश्यासाठी बसलेलेच असतात. मी मुलांना घेऊन जातो तेव्हा त्यांना एकच काम देतो: त्यांतले एक नाव लक्षात ठेवून बाहेर यायचे. गेल्या खेपेला धाकटीने लक्षात ठेवलेले नाव केशभूषाकाराचे निघाले, पण प्रयत्न चालू आहे.

तेव्हा जुना_अंक, भाच्याला 'थॅनोस मुळात असा नव्हता' असे सांगू नका. 'स्टारलिनचा थॅनोस असा होता' असे सांगून पाहा. पहिल्या वाक्यात तो चुकतो, दुसऱ्यात त्याला एक माणूस भेटतो.

जुना_अंक (पुणे)

उत्तरांना आठवडा झाला. दरम्यान जे घडले ते कळवतो.

रेडिओवाली यांचा मुद्दा मला आधी झोंबला आणि मग पटला. वेताळ मीही वाचला आहे, आणि देंकाली हे नाव बदललेले आहे हे मला आजवर ठाऊक नव्हते. फक्त_पडदा यांची बेचाळीस नावांची यादी वाचून तर मी चपापलो, कारण तशाच स्वरूपाची एक यादी मी भाच्यासाठी तयार करत आणली होती. ती पुसून टाकली.

शनिवारी ट्रंक खाली काढली आणि बहिणीकडे फक्त पाच अंक घेऊन गेलो. श्रेयनामावली यांनी सुचवले तसे 'हे स्टारलिनचे' एवढेच म्हणालो. भाच्याने आधी वास घेतला, मग पिन गंजलेल्या दिसल्या म्हणून हात पुसून घेतले, आणि मग चाळू लागला. चुटकी पहिल्याच अंकात उरकलेली पाहून त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी मधली पाने फाडली आहेत. एवढे सगळे करूनही मृत्यू थॅनोसकडे पाठ फिरवून उभी आहे, या पानावर तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "म्हणजे हा एकतर्फी आहे होय?" चित्रपटातल्या थॅनोसचे तत्त्वज्ञान त्याला अजूनही अधिक पटते, हा थॅनोस त्याच्या मते 'जरा केविलवाणा' आहे. मला वाटते स्टारलिनला तो तसाच हवा होता, पण मी ते बोललो नाही. सहाव्या अंकाच्या अखेरीस थॅनोस शेतकरी होऊन राहतो आणि त्याचे चिलखत शेतात बुजगावण्यासारखे टांगलेले असते, हे पाहून मात्र तो ओरडलाच, कारण ते शेत आणि ते बुजगावणे त्याने पडद्यावर पाहिले होते आणि ते चित्रपटवाल्यांना सुचले असे तो समजत होता. मित्रांना पाठवायला त्याने त्या पानाचा फोटो काढला. त्याखाली त्याने काय लिहिले ते मला दाखवले नाही.

एक अडचण उरली आहे. दुसऱ्या अंकावरून तो थेट चौथ्यावर गेला आणि मधला कुठे आहे म्हणून विचारू लागला. तिसरा अंक माझ्याकडे कधीच नव्हता. ती कथा मी पुढे संग्रहात वाचली, पण तो संग्रह कुणीतरी नेला आणि परत आणला नाही. काल रात्री भाच्याने कुठल्याशा संकेतस्थळावर विक्रीला असलेल्या त्या अंकाचा दुवा मला पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, हा घे ना." किंमत पाहून मी अजून उत्तर दिलेले नाही. हडसनकाठचे, तुमच्याकडच्या त्या स्वच्छतागृहाजवळच्या खोक्यांत एकदा हात घालून पाहता का?